डावीकडे वळलं की

गिऱ्हाइकं आवाज तोंडानं काढून दाखवतात.
कुणी करकर, कुणी कुईकुई.
परवा एका पाद्र्यानं दोन्ही गाल फुगवून
जे काही केलं, ते वहीत लिहिता येईना.
चित्स्के मात्र हातमोजे न काढता म्हणाली,
'टक्. आणि मग पडदा काळा.'
कधी?
'बांधावरून उतरताना, डावीकडे वळलं की.'

हार्लिंगनमध्ये गुन्हेगार ठरलेला असतो: खारं वारं.
मीही आधी त्यालाच धरलं.
बॅटरीचे दात पुसले, हिरवट मीठ कुठंच नाही.
सीटचा दांडा उपसून ग्रीस चोळलं,
पेडलं आवळली, तारा एकेक छेडल्या,
सगळ्या एका सुरात, बादलीच्या कडीसारख्या.
चाकावरचा चुंबक होता तिथंच होता.
गल्लीत फेरी मारली तर सायकल गाईसारखी गरीब.
दवाखान्याच्या दारात दाढ दुखायची थांबते, तसं.

खरं सांगायचं तर मला बारीक आवाज येत नाहीत आता.
एकोणतीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी उभा राहिलो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला.
हाड अजून इमानी आहे.
उरलेलं योनास ऐकतो.
अस्मारातून आलेला, आमच्या भाषेत अजून ठेचाळतो,
पण पाठ फिरवून सांगतो कुठलं बेअरिंग रडतंय.
तोच म्हणाला, सायकल त्यांनाच चालवू दे. आपण मागून.

नोव्हेंबर. बांधावर धुकं,
मेंढ्या नुसत्या खोकल्यापुरत्या.
पुढे चित्स्केचा लाल दिवा, मागे आम्ही दोघं.
उतारावर ती डावीकडे वळली
आणि योनासचा खांदा दचकला.
मी काहीच ऐकलं नव्हतं.
दिवा गेला. मोटरनं हात सोडला,
पंचवीस किलो एकदम खरे झाले तिच्या पायाखाली.

ती उतरली नाही, एक पाय टेकून उभी राहिली.
'खाली तिसरं घर बाउक्येचं. माझी बहीण.
होडीच्या वाटणीवरून बोलणं तुटलं, नऊ वर्षं झाली.
आता निघते अधूनमधून. इथं ही बंद पडते,
मी परत फिरते.
म्हटलं, हिला कळत असेल.'

योनासनं हँडल उजवीकडे फिरवलं. काही नाही.
डावीकडे फिरवलं
तशी केबल ताणली गेली, पतंगाच्या मांजासारखी,
आणि प्लग केसभर बाहेर आला.
टक्.
केबलला धरून बसला होता प्लॅस्टिकचा एक काळा पट्टा,
जास्तच आवळलेला, शेपूट तिरकी कापलेली.
तिरकी मी कापतो. गावात दुसरं कुणी नाही कापत.
मार्चमध्ये नवा पडदा बसवला, तेव्हाचा.

कापला. नखभर ढील दिली.
हँडल डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.
पडद्यावर आकडे आले, जणू काही झालंच नव्हतं.

'किती द्यायचे?'
काही नाही.
'का?'
तोंडाशी आलं होतं, अहो किरकोळ काम.
योनास माझ्याकडे बघत होता.
सांगितलं.

तिनं तो कापलेला पट्टा हातात घेऊन
इकडून तिकडून पाहिला, कोटाच्या खिशात टाकला.
म्हणाली, 'म्हणजे नऊ वर्षांतले आठ महिने तुझे.'
हिशोब बरोबर होता.

मग ती बसली.
लाल दिवा डावीकडे वळला, नाही विझला,
धुक्यानं गिळेपर्यंत दिसत राहिला.

काय ऐकू येतंय? मी विचारलं.
'मोटर. टायरखाली खडी.'
अजून?
'अजून खडी.'
एक मेंढी खोकली. योनासनं हात वर केला.
'ब्रेक लागला.'
कितव्या घराशी?
तो माझ्याकडे बघतच राहिला.
ते आवाजावरून कसं सांगू, म्हणाला.